स्विच ओएलईडी दहा महिने वापरून: हायब्रिड-बिब्रिड ठीक आहे, पण यात नवीन काय?

आमच्या घरात टीव्ही एकच. संध्याकाळी सात ते दहा तो आईचा, त्यात वाद नाही, दहानंतर बाबांच्या बातम्या, म्हणजे माझ्या वाट्याला टीव्ही येतो तो रात्री अकराला, नाहीतर रविवारी दुपारी जेवून सगळे आडवे झाले की. हे आधी सांगतोय कारण पुढचं सगळं यावरूनच ठरलंय. ज्याच्या खोलीत स्वतःचा टीव्ही आहे त्याला कदाचित माझं म्हणणं पटणार नाही.

ताई गेल्या दिवाळीला दुबईहून आली तेव्हा तिला निन्टेन्डोचा स्विच ओएलईडी आणायला सांगितला. हे गेम खेळायचं मशीन, हातातही चालतं आणि टीव्हीलाही जोडता येतं, म्हणून त्याला हायब्रिड म्हणतात; ओएलईडी हा त्याच्या स्क्रीनचा प्रकार. कंपनी भारतात अधिकृतपणे विकतच नाही, त्यामुळे इथे घ्यायचा तर इम्पोर्टवाल्याकडून. प्लग तिकडचा, तीन जाड चौकोनी पिनांचा, त्याला कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून कन्व्हर्टर आणला आणि लावला.

डॉक, म्हणजे मशीन टीव्हीला जोडायचा स्टँड, हातात घेतला आणि हसू आलं. पोकळ डबा आहे हो! मागचं झाकण उघडलं की एचडीएमआय, लॅन आणि चार्जरची जागा, आत एक टाईप सी ची पिन, संपलं. सगळा मेंदू त्या सात इंची पाटीत. पाटी डब्यात उभी केली की तिला भिंतीवरची वीज मिळते, मग चिप जास्त वेगाने पळते आणि टीव्हीवर १०८० पीपर्यंत चित्र जातं, बाहेर काढली की तीच चिप बॅटरी वाचवत ७२० पीवर येते. आणि चिपही काही जगावेगळी नाही, पहिला स्विच मार्च २०१७ ला आला त्यात एनव्हिडियाची टेग्रा एक्स १ होती, जी २०१५ च्या जानेवारीतच जाहीर झालेली. ओएलईडीत तिचीच थोडी सुधारलेली आवृत्ती.

मग लोक एवढं 'क्रांती क्रांती' का करतात? कल्पना तर फारच जुनी. एनईसीचा टर्बोएक्सप्रेस १९९० चा, घरच्या कन्सोलची, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेम मशीनची, कार्डं हातातल्या मशीनवर चालायची. सेगाने १९९५ मध्ये अमेरिकेत नोमॅड काढला, घरच्या जेनेसिस कन्सोलच्या कॅसेट थेट त्यात बसायच्या आणि वर टीव्हीला वायरही जोडता यायची! फक्त सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते दोन-तीन तासांत राम म्हणायचे. सोनीच्या हातातल्या पीएसपीच्या २००७ च्या मॉडेललाही टीव्हीची केबल लागायची. निन्टेन्डोचा स्वतःचा वी यू कन्सोल २०१२ चा, त्यात कंट्रोलरमध्येच स्क्रीन, पण मेंदू हॉलमधल्या डब्यात, त्यामुळे कंट्रोलर घेऊन फार लांब गेलात की चित्र तुटणार. म्हणजे हातात आणि टीव्हीवर दोन्हीकडे खेळणं हा २०१७ चा शोध अजिबात नाही, जो तसं म्हणतो त्याला खुशाल नोमॅडचा फोटो दाखवा.

पण वापरता वापरता माझ्या लक्षात आलं की नवीन गोष्ट मशीनच्या आत शोधायचीच नाही. २०१४ मध्ये सुपर स्मॅश ब्रदर्स हा गेम आला तो हातातल्या थ्रीडीएसला वेगळा आणि वी यूला वेगळा, दोन्हीकडे खेळायचं तर पैसे दोनदा. निन्टेन्डोचं दुकानच तसं होतं, हातातल्याची एक लाइन, टीव्हीवाल्याची दुसरी. त्यांनी आधी हार्डवेअरवाल्यांचे विभाग एक केले, मग २०१५ मध्ये गेम बनवणारे दोन मोठे विभाग एकत्र केले, आणि त्यानंतर जे मशीन आलं ते स्विच. स्वतःचे दोन चालू धंदे एक करायचे हे धाडस मला त्या डॉकपेक्षा मोठं वाटतं. आपल्याकडे लहानपणी फुंकून लावायच्या कॅसेटवाला टीव्ही गेम वेगळा आणि दोन सेलवाला ब्रिक गेम वेगळा, हे दोन कधी एक होतील असं डोक्यातही आलं नव्हतं.

रोजच्या वापरात याचा अर्थ एवढाच की झेल्डा या गेममध्ये मी एका श्राइनच्या, म्हणजे कोडं सोडवायच्या खोलीच्या, मधोमध आहे, तो लोखंडी गोळा चुंबकाने उचलून हवेत धरलाय, तेवढ्यात घड्याळात सात वाजतात आणि आई नुसती सोफ्यावर येऊन बसते, बोलत काही नाही, फक्त बसते. पाटी डब्यातून उपसायची, दोन सेकंदांत तोच गोळा तसाच हवेत, माझ्या मांडीवर. सेव्ह नाही, लोडिंग नाही. हे पहिल्या दिवशी भारी वाटलं, आता दहा महिन्यांनी काहीच वाटत नाही, पण मित्राच्या घरी मोठ्या कन्सोलवर खेळताना 'अरे टीव्ही पाहिजे' म्हणून उठावं लागलं तेव्हा चरफडलो.

दुसरी खरी नवीन वाटलेली गोष्ट म्हणजे जॉयकॉन. बाजूचे दोन तुकडे काढले, आडवे धरले की दोन कंट्रोलर, वेगळे विकत घ्यायला नकोत. मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आला, त्याने आईच्या हातात लाल जॉयकॉन दिला आणि मारिओ कार्ट लावलं, स्टीअरिंग असिस्ट चालू करून, म्हणजे गाडी रस्त्याबाहेर जातच नाही. आई गाडीबरोबर स्वतःही डावीकडे-उजवीकडे झुकत होती, बारावी आली, आणि म्हणे 'परत लाव'. मालिका सुरू व्हायची वेळ झाली होती बरं का!

आता रडगाणं. हे मशीन जॉयकॉनसकट ४२० ग्रॅम, आडवं पडून खेळलं तर अर्ध्या तासात मनगट बोलायला लागतं. टीव्हीसाठी लिहिलेली बारीक अक्षरं सात इंचावर डोळे फोडतात, हे सगळ्याच गेमचं नाही पण काहींचं नक्की. गणपतीला कोकणात गेलो होतो, लाइट गेली, मागचा स्टँड उघडून पाटावर ठेवून चार जण खेळलो (दोन जॉयकॉन चुलतभावाचे), तर प्रत्येकाच्या वाट्याला स्क्रीनचा बिस्किटाएवढा तुकडा. मजा आली पण दिसत कुणाला काही नव्हतं. बॅटरी म्हणाल तर साडेचार ते नऊ तास सांगतात, मला झेल्डाला साधारण साडेपाच मिळतात. जॉयकॉनची काडी आपोआप सरकण्याचा तो कुप्रसिद्ध ड्रिफ्ट, ज्याबद्दल २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी, फुरुकावांनी, माफीही मागितली होती, तो माझ्याकडे अजून तरी नाही, लाकडाला हात लावतो. झालाच तर इथे अधिकृत सर्व्हिस सेंटर नाही हे धरूनच घ्या.

आणि एक हिशोब प्रामाणिकपणे मांडतो. माझं दहातलं आठ वेळा खेळणं हातातच होतं. म्हणजे हायब्रिड म्हणून पैसे मोजले आणि वापर एकाच बाजूचा! निन्टेन्डोलाही हे कळलं असणार, म्हणून २०१९ मध्ये स्विच लाइट काढला, स्वस्त, हलका आणि टीव्हीला जोडताच येत नाही असा. ज्या स्विचमध्ये स्विच करायचंच नाही तो स्विच. एकटे राहत असाल, हॉस्टेलला वगैरे, तर तोच बघा, उगाच डॉकचे पैसे घालू नका. घरात माणसं असतील तर मात्र त्या उरलेल्या दोन वेळाच पैसे वसूल करतात, लाइटचे कंट्रोलर सुटे होत नाहीत त्यामुळे आईची ती बारावी आलेली रेस त्यावर झाली नसती.

जून २०२५ मध्ये स्विच २ आला, ७.९ इंचाची १०८० पी स्क्रीन, डॉकमधून ४के, जॉयकॉन आता चुंबकाने चिकटतात. मित्राकडे हातात घेऊन पाहिला. मोठा आहे, वेगवान आहे, पण करतो तेच, त्यामुळे माझा ओएलईडी आणखी दोन-तीन वर्षं तरी सुटत नाही. त्याऐवजी जॉयकॉनची दुसरी जोडी घेतोय, भाचा दिवाळीला येणार आहे आणि आईने आधीच सांगून ठेवलंय की लाल तिचा.