पहिल्यांदा शिवताय? घरची गोधडी, सिद्दींची कवंदी की ब्लॉकचं क्विल्ट

या उन्हाळ्यात तिघींनी मला एकच गोष्ट विचारली, की घरात जुन्या साड्यांचं गाठोडं पडलंय, हात शिवशिवतायत, तर आजी शिवायची तशी गोधडी घालू का ते व्हिडिओत दाखवतात तसं चौकोन-चौकोन जोडून क्विल्ट करू? मी दोन्ही केल्यात, शिवाय एक कवंदीही केलीय, म्हणून प्रत्येकीला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. आधी गाठोडं उघडा आणि आत काय आहे ते बघा, कारण डिझाइन कितीही आवडलं तरी शेवटी कापडच ठरवतं.

गाठोड्यात सुती नऊवारी किंवा जुनी सुती पाचवारी असतील, धुऊन धुऊन मऊ झालेल्या, तर दुसरा विचारच करू नका, गोधडी. आमच्याकडे कोल्हापूरच्या बाजूला वाकळ म्हणतात. एक नऊवारी साधारण 8 मीटर असते, चार पदरी घडी घातली की दोन मीटरचे चार थर झाले, दोन नऊवारींत आठ थर, म्हणजे थंडीची चांगली जाड वाकळ. नेहमीच्या पांघरुणाला चार-पाच थर पुरतात. आणि हो, जरीचे काठ आधी उसवून बाजूला काढा, जरीची तार दोरा कापते आणि अंगालाही टोचते. नायलॉन, जॉर्जेट वगैरे मधल्या थरात सुद्धा घालू नका, ते आतल्या आत सरकतं आणि वाकळ एका बाजूला गोळा होते.

कष्ट किती ते मात्र आधीच समजून घ्या. दोन मीटर बाय सव्वा मीटरला जरा कमी अशी वाकळ घेतली आणि धावदोऱ्याच्या दोन ओळींत अर्धा इंच अंतर ठेवलं तर सगळी मिळून जवळपास 180 मीटर शिवण होते, ती सगळी हातानं! मी रोज रात्री जेवणं झाल्यावर तास-दीड तास बसायचे, मला पावणेदोन महिने लागले. पण या कामाला डोकं लागत नाही, मोजमाप नाही, काठापासून सुरू करायचं आणि चौकोनात फिरत फिरत आत जायचं, गप्पा मारत मारत होतं. एकच पथ्य, शिवायला घेण्याआधी जमिनीवर ताणून पसरा आणि वीतभर अंतरावर कच्चा दोरा घालून सगळे थर धरून ठेवा, हे टाळलं की मध्यभागी पोहोचेपर्यंत फुगवटा येतो आणि तो मग कशानंही जात नाही. दोऱ्याला मेण लावलं तर गुंता होत नाही. अंगुस्तान घालाच, पाच थरांतून सुई ढकलताना मधल्या बोटाचं पार भोक पडतं.

वाकळीचं माझं वेड एका गोष्टीमुळे आहे. आजीनं घातलेली एक वाकळ आमच्याकडे आहे, वरचं हिरवं लुगडं आता ठिकठिकाणी विरलंय आणि त्या विरलेल्या जागेतून आतलं जांभळ्या चौकड्यांचं लुगडं दिसतं. ते लुगडं आम्ही नातवंडांनी कुणी पाहिलेलं नाही, आई म्हणते ते पणजीचं. दुकानातून आणलेल्या नव्या कापडात हे मिळणार नाही, म्हणून नवं कापड आणून त्याची गोधडी शिवण्याला माझा मनापासून विरोध आहे, नवं कापड कडक असतं आणि सुईही जात नाही.

आता कवंदी. हे नाव आपल्याकडे कमी ऐकलेलं. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी लोक राहतात, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले, पोर्तुगीजांच्या काळात बरेच जण गोव्यातून गुलामगिरीतून सुटून या जंगलात आले. त्यांच्या बोलीत कोंकणी आहे, मराठीही आहे. त्या बायका जी गोधडी शिवतात ती कवंदी. पद्धत अशी की खाली एक जुनी साडी पसरायची, कोपऱ्यापासून सुरुवात करायची आणि जुन्या कपड्यांचे तुकडे हातात येतील तसे कडेकडेनं ठेवत, त्यांच्या कडा आत मुडपत धावदोऱ्यानं शिवत शिवत मध्याकडे जायचं. म्हणजे तुकडे जोडणं आणि गोधडी शिवणं एकाच वेळी होतं, आधी वरचा पट्टा तयार करा मग थर लावा मग शिवा ही भानगडच नाही. चारी कोपऱ्यांना घडी घातलेले छोटे त्रिकोण एकावर एक रचून शिवतात, त्यांना फुलं म्हणतात, आणि फुलं लावल्याशिवाय कवंदी पूर्ण झाली असं त्या मानत नाहीत.

गाठोड्यात साड्या नसून शर्ट, परकर, उशांचे अभ्रे, मुलांचे फ्रॉक असा भेसळ माल असेल तर कवंदी. तुकडा वाकडा असला तरी चालतो, मोजपट्टी लागत नाही आणि रंगांची सगळी मोकळीक तुमची. माझ्या मते बाळासाठी काही करायचं असेल तर हीच सगळ्यात छान, 40 बाय 40 इंचाची केली तर महिन्याभरात होते. अडचण एकच, ही मांडीवर घेऊन होत नाही, कडेकडेनं फिरायला जमिनीवर जागा लागते.

आणि तिसरं ते ब्लॉकचं अमेरिकन पद्धतीचं क्विल्ट. हे काम म्हणजे शिवणकामापेक्षा गणित जास्त, आणि मी हे तक्रार म्हणून सांगत नाही, ज्यांना गणित आवडतं त्यांना याच्यासारखं सुख नाही. चौकोन कापायचे, मशीनवर जोडून ब्लॉक करायचे, ब्लॉक जोडून वरचा थर, मध्ये बॅटिंग म्हणजे कापसासारखा मऊ भरावाचा थर, खाली अस्तर, मग तिन्ही थरांतून शिलाई आणि शेवटी कडेला पट्टी. शिलाईची माया, म्हणजे टाक्यापासून कडेपर्यंत सोडलेलं कापड, पाव इंच, सगळं यावर उभं असतं. नाइन पॅच हा सगळ्यात सोपा ब्लॉक घ्या, 12 इंचाचा हवा असेल तर साडेचार इंचाचे नऊ चौकोन कापायचे. आता समजा पाव इंचाऐवजी तुमची शिलाई फक्त 1/16 इंच जास्त आत गेली, तर दर जोडाला दोन्ही बाजूंनी मिळून 1/8 इंच कापड खाल्लं जातं, एका ओळीत आठ जोड असले की पूर्ण एक इंच गेला! मग शेजारच्या ओळीशी कोपरे जुळत नाहीत. म्हणून आधी दोन चौकोन जोडून पट्टीनं मोजून बघायचं, मगच पुढे.

खर्चही यात जास्त. रोटरी कटर, खालची मॅट, पट्टी, बॅटिंग. तो गोल फिरणारा कटर जपानच्या ओल्फा कंपनीनं 1979 मध्ये आणला आणि त्याच्यानंतर या कामाचा वेगच बदलला, कात्रीनं चौकोन कापणाऱ्यांनी एकदा वापरून बघावा. सुती बॅटिंग पहिल्या धुण्यात साधारण 3 ते 5 टक्के आटते, त्यानं छान सुरकुत्या पडतात, पण ज्यांना सपाट हवं त्यांनी हे लक्षात ठेवा. लाल आणि गडद निळं कापड आधी धुऊनच घ्या. माझ्या पहिल्या क्विल्टला लालचा रंग पांढऱ्यावर गेला तो अजून आहे.

फोटो बघून हुरूप येतो म्हणून बक्षिसांबद्दलही लिहिते. अमेरिकेत केंटकी राज्यात पड्यूका नावाचं छोटं गाव आहे, तिथे अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीची मोठी स्पर्धा भरते आणि 1991 पासून क्विल्टचं म्युझियमही आहे. तिथल्या स्पर्धेत 1989 मध्ये कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणावरच्या क्विल्टला सर्वोत्कृष्टचं बक्षीस मिळालं, ते मशीननं शिवलेलं होतं आणि मशीनच्या क्विल्टला तिथे हा मान पहिल्यांदाच मिळत होता. मशीनवर केलं म्हणजे खरं नाही असं कुणी म्हणालं तर त्यांना हे सांगा. अशा स्पर्धांत परीक्षक टोकं जुळलीत का, कडेची पट्टी आतून भरलेली आहे का, कोपरे चौकोनी आहेत का हे अगदी जवळून बघतात. पण त्याच देशात अलाबामातल्या जीज बेंड गावच्या काळ्या बायकांनी शेतात घालायच्या जुन्या डेनिम पँटी, कॉरड्रॉयचे उरलेले तुकडे यांची क्विल्ट केली, रेषा तिरक्या, चौकोन वाकडे, आणि 2002 मध्ये ती न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागली, 2006 मध्ये पोस्टानं त्यांची तिकिटं काढली. त्यांचे फोटो बघताना मला सारखी कवंदी आठवते. तुम्हाला यातलं कुठलं बघून पोटात कालवतं ते तपासा, टोकाला टोक लागलेलं की मोकळं, त्यावरूनही कळेल तुम्ही ब्लॉकच्या वाटेनं जायचं की तुकड्यांच्या.

ऋतूचं गणित मात्र आपल्याकडचंच लावायचं. गोधडी आणि कवंदी माघ-फाल्गुनात धरा, गच्ची मोकळी, हवा कोरडी, कापड धुऊन वाळवायला ऊन, आणि मे संपेपर्यंत हातावेगळी होते. पावसाळ्यात सुरू केली तर दमट कापडाला वास धरतो. ब्लॉकचं काम उलट पावसाळ्याचं, घरात मशीनपाशी बसून रोज चार ब्लॉक, पसारा टेबलाएवढा. धुण्याचाही विचार आत्ताच करा. आमच्याकडे घटस्थापनेच्या आधी दसरा काढायचा म्हणजे घरातल्या सगळ्या वाकळा नदीवर जायच्या, ओली वाकळ दोघींनी दोन टोकांना धरून पिळायची तरी पाणी निथळत राहायचं. आता फ्लॅटमध्ये आठ थरांची वाकळ बाथरूममध्ये धुणं खरंच अवघड आहे, वॉशिंग मशीन लहान असेल तर चार थरांच्या वर जाऊ नका. पातळ बॅटिंगचं क्विल्ट या बाबतीत सोपं, मशीनमध्ये जातं आणि दिवसात वाळतं.

तर त्या तिघींना मी काय सांगितलं? पहिलीकडे सासूबाईंच्या सहा सुती साड्या होत्या, तिला वाकळ, चारच थरांची. दुसरीला मेमध्ये भाची होणार की भाचा ते कळेल, तिला कवंदी, आणि फुलं लावायला विसरू नकोस म्हणून बजावलंय. तिसरी बँकेत आहे, घरी मशीन आहे आणि आकडे तिला फार आवडतात, तिला नाइन पॅच, पण आधी एकच ब्लॉक करून मला मोजून दाखव म्हटलंय. काल तिनं पाठवला, बारा इंच मायेसकट साडेबारा, अगदी काटेकोर.