संगीत शिक्षकांनो, ‘१ रुपयात ऑनलाइन साहित्य’ घेण्याआधी हे वाचा

नाशिकमध्ये घरी गायन-हार्मोनियमचे क्लास घेणाऱ्या आम्हा शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात आली. बंदिशींची स्वरलिपी (लिहून ठेवलेले स्वर), तानपुरा, लेहरे (तबल्याच्या साथीला वाजणारी फिरती धून), जुन्या प्रश्नपत्रिका असे सगळे एका ठिकाणी, आठवडाभर फक्त १ रुपयात. वर थोर गायक आणि संगीतशिक्षक विष्णु दिगंबर पलुस्करांचा फोटो. त्यांचा पंचवटीतला आश्रम माहीत असलेल्या नाशिककराला हा फोटो पाहून विश्वास वाटणारच. फोनवरचा माणूस अदबीने बोलत होता. साहित्याला संगीत परीक्षा मंडळाची मान्यता आहे म्हणाला. पत्र मागितले तर “पाठवतो ना ताई”. ते कधी आलेच नाही.

पलुस्करांची स्वरलिपी वेगळी आणि संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंडे यांची वेगळी. इथे फोटो पलुस्करांचा, पण आतली स्वरलिपी भातखंडे पद्धतीची, आणि तीही मोडकी. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते आणि तीव्र मध्यमावर उभी. या लोकांनी जुनी पाने स्कॅन करून अक्षरे संगणकाकडून ओळखून घेतली होती. अक्षरे उरली, रेघा गळाल्या. भैरवाचे रे-ध कोमल हवेत ते शुद्ध झाले, यमनचा मध्यम तीव्र हवा तोही शुद्ध. म्हणजे दोन्ही पानांवर सगळे शुद्ध, बिलावलचेच स्वर. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने ही पाने छापून प्रवेशिका परीक्षेच्या मुलांना सरावाला दिली. मुलांनी घरी पेटीवर तोच ‘भैरव’ घोटला. परीक्षा तोंडावर असताना कोवळ्या गळ्यात बसलेला चुकीचा रिषभ काढणे किती कठीण, हे शिकवणाऱ्यालाच कळते. मला सर्वांत जास्त चीड याचीच आहे. ज्यांच्याकडे हे साहित्य असेल त्यांनी ती पाने मुलांकडून ताबडतोब परत घ्यावीत.

शिवाय हे विकत घ्यायची गरजच नव्हती. भातखंडे १९३६ साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे त्यांचे लेखन केव्हाच सर्वांना खुले झाले आहे. त्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे भाग इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतात, मूळ छापील पानांच्या स्कॅनमध्ये, रेघांसकट. आणि मान्यतेचा दावा कोणी केला तर थेट मंडळाकडेच विचारा.

आता पैशांचे. तो १ रुपया मीही भरला होता, आणि तो भरणे म्हणजे यूपीआय ऑटोपेची, म्हणजे खात्यातून हप्ते आपोआप कापू देण्याची संमती होती. आठवडा संपताच माझ्या खात्यातून ९९९ रुपये गेले, पुढच्या महिन्यात पुन्हा तेवढेच. एकदा संमती दिली की १५,००० रुपयांपर्यंतचा हप्ता पुन्हा पिन न विचारता कापला जाऊ शकतो. त्यानंतर त्या माणसाचा फोन बंद.

आपल्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी उघडा आणि अनोळखी नाव दिसले तर तिथेच रद्द करा. विकणाऱ्याची परवानगी लागत नाही. जाहिरात, चॅट, व्यवहार क्रमांक यांचे स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. माझे हप्ते रद्द केल्यावर थांबले. तक्रार नोंदली आहे, गेलेले पैसे अजून परत आलेले नाहीत.