बडबड्या वर्गासाठी: स्टार चार्ट की तोंडी कौतुक?

वर्गमंत्र्याकडून बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहून घ्यायची पद्धत तुम्ही सोडली आहे, असं धरून चालतो. प्रश्न उरतो तो एवढाच, की शांत बसणाऱ्यांचं कौतुक स्टार चार्टवर, म्हणजे भिंतीवरच्या तक्त्यावर स्टार देऊन मांडायचं की तोंडाने करायचं? पाचवीच्या वर्गावर मी दोन्ही करून पाहिलं आहे.

चार्टचा गुण लगेच दिसतो. रांगेप्रमाणे गट पाडले, शांतपणे काम करणाऱ्या गटाला स्टार दिला, की मधल्या सुट्टीनंतरचा गोंगाट बराच उतरतो. १९६९ साली अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठाच्या संशोधकांनी चौथीच्या वर्गाचे दोन गट पाडून असाच खेळ घेतला होता. नियम मोडला की गटापुढे खूण, कमी खुणांचा गट विजयी. मध्येच बोलणं आणि जागा सोडणं दोन्ही खूप घटलं. पट मोठा असेल, वर्ग नवा असेल, तर चार्टला नाही म्हणवत नाही.

मला चार्ट नकोसा झाला तो हिशेबामुळे. "सर, आमचा एक स्टार राहिला." "सर, तुम्ही फळ्याकडे वळलात तेव्हा तेपण बोलत होते." बडबड थांबवायला लावलेल्या चार्टवरूनच बडबड! भागाकाराचं उदाहरण अर्धवट टाकून निवाडा करत बसावं लागे. त्याहून मनाला लागलं ते वेगळंच. स्टार हुकला की सगळा गट आपल्यातल्या सर्वांत बोलक्या मुलावर तुटून पडे. बक्षीस गटाचं, पण शिक्षा त्या एकट्याला. तुमच्याकडे असं होईलच असं नाही. माझ्याकडे मात्र ते दर आठवड्याला होई.

तोंडी कौतुकाला हिशेब नसतो. पण नुसतं "शाबास" पुरत नाही, नेमकं काय आवडलं ते सांगावं लागतं: "तिचं बोलणं संपेपर्यंत हात वर करून थांबलास, हे छान केलंस." कुजबुजणाऱ्याकडे काणाडोळा करायचा, शेजारी लिहीत बसलेल्याचं कौतुक करायचं, आणि कुजबुजणारा वहीत डोकं घालताच त्याचंही. मॅडसेन, बेकर आणि थॉमस या अमेरिकी संशोधकांच्या १९६८ च्या अभ्यासातही नुसते नियम सांगून फारसा फरक पडला नव्हता. दुर्लक्षाला कौतुकाची जोड मिळाली तेव्हा वागणं सुधारलं. मोठ्या मुलांना चारचौघांत कौतुक झालं की अवघडल्यासारखं होतं. त्यांच्या बाकाजवळ जाऊन हळूच सांगावं.

आणि बोलक्याला बोलायचं काम द्यावं. गटाचं उत्तर सांगणं, धडा मोठ्याने वाचणं, कालच्या पाठाची उजळणी घेणं. चार्टमध्ये त्याच्या बोलण्याला जागाच नसते. इथे त्याच बोलण्याचं कौतुक करता येतं.

यात फळ उशिरा मिळतं, आणि शेवटच्या तासाला दमलेल्या शिक्षकाला कौतुक सुचत नाही, हेही खरं. म्हणून जूनमध्ये चार्ट लावायचाच असेल, तर सगळ्या वर्गाचा मिळून एकच लावा, दिलेला स्टार कधी काढून घेऊ नका, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी तो उतरवून ठेवा.