ध्रुवीय तळ्यांतलं शैवाल: पेशी मोजायच्या, रंगद्रव्य काढायचं की डीएनए वाचायचा?

आधी प्लँक्टन जाळीचा मोह सोडा. २० मायक्रॉनच्या जाळीत मोठे डायटम (सिलिकाचं कवच असलेलं शैवाल) आणि तंतू अडकतात. बर्फाखाली मात्र बहुधा क्लॅमिडोमोनस, क्रिप्टोमोनस यांसारख्या बारीक, पोहणाऱ्या पेशी असतात आणि त्या आरपार निसटतात. ठरलेल्या खोलीचं पाणी झडपेच्या बाटलीनेच घ्या. बर्फाला भोक पाडल्यावर खालून पाणी उसळतं, ते आधी शांत होऊ द्या. ओली झडप हवेत गोठते, म्हणून बाटली पाण्यातच बुडवून ठेवा.

ल्युगोलमध्ये (आयोडीनच्या द्रावणात) टिकवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजणं सगळ्यात कमी सामानात होतं. १०० मिलीला साधारण १ मिली, रंग फिक्या चहासारखा. बाटली काचेची आणि अंधारात. प्लास्टिकमधून आयोडीन उडतं, रंग उतरला की पुन्हा थेंब टाकावे लागतात. काठोकाठ भरू नका आणि गोठू देऊ नका, नाहीतर बाटलीसोबत पेशीही फुटतील. उटरमोल चेंबरमध्ये (पेशी तळाशी बसवून मोजायच्या उभ्या नळीत) दर सेंटिमीटर उंचीला निदान ४ तास बसू द्यावं लागतं. मुख्य अडचण: मुरलेला मोजणारा हवा. आयोडीनने पेशींचा मूळ रंग झाकला जातो आणि काहींचा आकारही बिघडतो.

क्लोरोफिलसाठी ०.७ मायक्रॉनचा काचतंतूंचा फिल्टर, निर्मळ तळ्यात १ लिटर किंवा जास्त पाणी, हलकं निर्वात आणि ताबडतोब द्रव नायट्रोजन किंवा उणे ८० अंश सेल्सिअस. आकडा झटपट मिळतो, पण फसवा असतो: अंधुक उजेडात पेशी जास्त क्लोरोफिल साठवतात. त्यामुळे बर्फाखालच्या आणि उघड्या तळ्याचं क्लोरोफिल सारखं आलं म्हणून शैवालही सारखं, असं नव्हे. एचपीएलसीने (रंगद्रव्यं वेगळी करणाऱ्या यंत्राने) गट ओळखता येतात (अ‍ॅलोझँथिन हे रंगद्रव्य दिसलं की क्रिप्टोफाइट), प्रजाती नाहीत.

डीएनएसाठी ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर आणि प्रत्येक दिवशी एक कोरा नमुना (शुद्ध पाण्याचा, भेसळ कळावी म्हणून). फक्त १८एस (केंद्रक असलेल्या पेशींचं ओळख-जनुक) घेतलंत तर सायनोबॅक्टेरिया अख्खे सुटतील, १६एसही (जिवाणूंचं ओळख-जनुक) हवं. थंडीत मेलेल्या पेशींचा डीएनए बराच टिकतो आणि डीएनए वाचनांची संख्या म्हणजे पेशींची संख्या नव्हे.

फ्रीझर बेभरवशाचा असेल तर ल्युगोलच. प्रजातींची यादी हवी असेल तर ल्युगोल आणि डीएनए जोडीने. निव्वळ डीएनएवर विसंबायला मी सांगणार नाही.

अंटार्क्टिकातल्या मैत्री या भारतीय केंद्राजवळच्या शिर्माकर ओअॅसिस या बर्फमुक्त भागातल्यासारख्या उथळ तळ्यांत तर पाण्यापेक्षा तळावरच्या सूक्ष्मजीवांच्या चटईतच खरा ऐवज असतो. टोक कापलेल्या सिरिंजने ठरावीक क्षेत्रफळाचा गाभा काढा. एका तळ्यातलं सामान दुसऱ्यात बुडवण्याआधी धुऊन पूर्ण वाळवा.