कंपनीतली इंटर्नल ट्रान्सफर, बेंगळुरू ते पुणे : तीन स्टार, त्यातले दोन एचआर मॅडमचे

कंपनीचं नाव लिहीत नाही, पगार अजून तिथूनच येतो. मोठी आयटी कंपनी आहे, बेंगळुरूत इलेक्ट्रॉनिक सिटीला ऑफिस, पुण्यात हिंजवडीला, आणि बदली मागायची ती एकाच पोर्टलवरून. त्या पोर्टलचा आणि त्याच्या मागच्या सगळ्या लटांबराचा हा रिव्ह्यू.

पोर्टल दिसायला झकास. लोकेशन निवडा, तारीख टाका, कारण निवडा, सबमिट. पण कारणांच्या यादीत काय, तर लग्न, मेडिकल, नवरा-बायकोची नोकरी आणि 'इतर'. साताऱ्याला आई-बाबा दोघंच असतात, बाबांना दर महिन्याला दवाखान्यात न्यायला कोणी नाही, हे ह्यात कुठं बसवायचं? निम्मी पोरं ह्याच कारणासाठी घराकडं बदली मागतात आणि फॉर्म बनवणाऱ्याला ते सुचलंच नाही. 'इतर' निवडलं की अर्ज तळाला जातो असं कँटीनमध्ये सगळेच सांगतात, खरं-खोटं देव जाणे, पण पुण्याच्या एचआर मॅडमनी सांगितलं की बाबांचं नाव कंपनीच्या मेडिक्लेममध्ये असेल तर सरळ मेडिकल टाका आणि डॉक्टरांचा कागद जोडा. तसंच केलं, अर्ज घेतला.

पुढं खरी गंमत. स्टेटस 'मॅनेजरकडे पेंडिंग'. आता मॅनेजर माणूस वाईट नाही हो, रोज भेटतो, कॉफी पाजतो, "करतो ना, रिप्लेसमेंट येऊ दे" म्हणतो. रिप्लेसमेंट मागायची कुणी? त्यानंच. ती मागितली की क्लायंट विचारणार हा का चाललाय, म्हणून तो मागत नाही, आणि पोर्टल काय करतं तर दर आठवड्याला त्याला एक आठवणीचा मेल टाकतं, कॉपी आपल्याला. संपलं पोर्टलचं काम. इतक्या दिवसांत सोडलंच पाहिजे अशी मुदतच नाही सिस्टिममध्ये, मी एक स्टार त्याचाच कापलाय. गाडं हललं ते पुण्याच्या टीमच्या मॅनेजरनं माझ्या मॅनेजरला थेट फोन केला तेव्हा, मग केटी (म्हणजे माझ्या कामाची माहिती) कुणाला द्यायची ते एका मीटिंगमध्ये ठरलं. म्हणून सांगतो, आधी तिकडची जागा शोधा, तिथल्या मॅनेजरशी बोला, त्याला तुम्ही हवे आहात हे त्याच्या तोंडून वदवून घ्या आणि मगच पोर्टल उघडा. उलटं केलंत तर बसा टाळ कुटत.

फॉर्मच्या खाली एक बारीक चौकोन आहे, तो नीट वाचा. बदली 'एम्प्लॉयी रिक्वेस्ट' की 'बिझनेस नीड'. पहिल्यावर टिक केली की सामानाचा ट्रक, तिकिटं, सुरुवातीचं राहणं सगळं आपल्या खिशातून. तिकडं खरंच जागा रिकामी असेल तर दुसरं टिक करून मिळतं का ते मॅनेजरशी आधीच बोलून घ्या, आणि ते मेलवर घ्या, तोंडी नको.

पीएफचं काही करावं लागत नाही, कंपनी तीच, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच. प्रोफेशनल टॅक्स कर्नाटकाऐवजी महाराष्ट्राचा कापला जातो, तो कुठंही वर्षाला 2500 च्या वर जात नाही.

गाडीबद्दल मात्र चेकलिस्टमध्ये अवाक्षर नाही. माझी केए-51, आणि दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांच्या वर गाडी ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो. म्हणजे फॉर्म 28 भरून जुन्या आरटीओची एनओसी, लोन असेल तर बँकेचं पत्र, इथं येऊन परत रोड टॅक्स, आणि तिकडं भरलेल्या लाइफटाइम टॅक्सच्या रिफंडसाठी वेगळा अर्ज. पुन्हा कधी बदली होणार असेल तर बीएच (भारत सिरीजचा, सगळ्या राज्यांत चालणारा) नंबर बघा. 2021 पासून आहे, चार किंवा जास्त राज्यांत ऑफिस असलेल्या प्रायव्हेट कंपनीच्या लोकांना मिळतो, आणि डिसेंबर 2022 च्या बदलानंतर जुन्या गाडीलाही घेता येतो. त्याला कंपनीच्या सहीचा फॉर्म 60 लागतो. बेंगळुरूच्या हेल्पडेस्कनं "असा फॉर्म आमच्याकडे नसतो" लिहून तिकीट क्लोज केलं. पुण्याच्या मॅडमनी मंत्रालयाचा नमुना स्वतः शोधला, सही-शिक्का मारून पाठवला, वर विचारलं की घर मिळालं का, भाडेकरार रजिस्टर करून घ्या, नुसत्या नोटरीवर राहू नका. दोन स्टार उगाच नाही दिले.

(जाता जाता, इतकी वर्षं सिल्क बोर्ड चौकाच्या ट्रॅफिकमध्ये सडलो आणि निघायच्या सुमारास इलेक्ट्रॉनिक सिटीची यलो लाइन मेट्रो सुरू झाली, ऑगस्ट 2025. आता हिंजवडीचं ट्रॅफिक आहेच.)

एक तिकीट अजून उघडं आहे. लॅपटॉप सिस्टिमला बेंगळुरूच्या नावावर दिसतो, त्यामुळं दर सोमवारी मेल येतो की इलेक्ट्रॉनिक सिटीच्या काउंटरवर जमा करा, नाहीतर पगारातून कापू. कापला तर रिव्ह्यू अपडेट करतो.