कॉलिंगवुडटुडे : बातमी वेळेवर, पण निर्णयानंतर

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात जॉर्जियन बेच्या काठावर कॉलिंगवुड नावाचं गाव आहे. २०२१च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २४,८११. टोरोंटोहून गाडीने साधारण दोन तास. टोरोंटो-मिसिसागाच्या घरकिमतींना कंटाळून अशा गावाचा विचार करणारे आधी शाळा, हॉस्पिटल आणि देसी किराण्याचं दुकान किती लांब आहे ते बघतात. गावाचा कारभार कोण चालवतं आणि त्याची खबर आपल्याला कुठून लागणार, हे घर घेईपर्यंत सहसा कोणी विचारत नाही. मग एक दिवस शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर चार मजली इमारतीची पाटी लागते.

ही खबर देणारी मुख्य सेवा म्हणजे कॉलिंगवुडटुडे ही साइट. सू सेंट मरी इथल्या व्हिलेज मीडिया कंपनीची. सूटुडे, बॅरीटुडे, ओरिलियामॅटर्स ही तिचीच भावंडं. फुकट आहे, पेवॉल नाही, खर्च जाहिरातींवर आणि स्थानिक प्रायोजकांवर निघतो. ईमेल टाकला की रोजचं न्यूजलेटर घरपोच.

तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायच्या हे कळायला गावातल्या कागदी पत्रांचं काय झालं ते माहीत हवं. १८७० पासूनचं एंटरप्राइज-बुलेटिन नोव्हेंबर २०१७ मध्ये बंद पडलं. टोरस्टार आणि पोस्टमीडिया या दोन कंपन्यांनी ४१ वृत्तपत्रांची आपसात अदलाबदल केली आणि त्यातली बहुतेक लगोलग बंद करून टाकली, त्या फटक्यात हे गेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये मेट्रोलँडने ७० हून अधिक साप्ताहिकांची छपाई थांबवली आणि ६०५ लोकांना घरी पाठवलं. कॉलिंगवुड कनेक्शनचा कागदी अंक तेव्हा संपला. त्याच्या जेमतेम सहा आठवडे आधी, १ ऑगस्ट २०२३ पासून, मेटाने कॅनडात फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या बातम्या बंद करायला सुरुवात केली होती. बातम्यांसाठी पैसे मोजायला लावणाऱ्या कायद्याला, म्हणजे सी-१८ ला, हे मेटाचं उत्तर. गुगलने वर्षाला १० कोटी डॉलर द्यायचं कबूल करून वाद मिटवला, मेटा हटून बसली.

त्यामुळे गावच्या फेसबुक ग्रुपवर बातमीची लिंक टाकता येत नाही. लोक स्क्रीनशॉट टाकतात. त्यात मथळा असतो, तारीख नसते, पुढचे आठ परिच्छेद नसतात. दोन वर्षांपूर्वीचा करवाढीचा मथळा आजचा म्हणून फिरतो आणि खाली दीडशे लोक मेयरच्या नावाने शंख करतात. हरवलेलं मांजर, स्नो प्लाऊवाला, बर्फामुळे बंद झालेला हायवे २६ यासाठी ग्रुप उत्तम. कौन्सिलच्या निर्णयासाठी त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता साइटबद्दल. जमेची बाजू मोठी आहे. कौन्सिलच्या बैठकीला पत्रकार बसतो, कोणी काय मत दिलं ते नावानिशी येतं, आणि बातमी बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत लागते. काही बातम्यांखाली ‘लोकल जर्नलिझम इनिशिएटिव्ह’ अशी ओळ दिसते. ही केंद्र सरकारची २०१९ची योजना. आधी ५ वर्षांना ५ कोटी डॉलर होते, मार्च २०२४ मध्ये आणखी ३ वर्षांसाठी ५.८८ कोटी मिळाले. सरकारच्या पैशाने पत्रकार पोसणं कितपत बरं, हा वाद आपल्या जागी. पण सिमको काउंटीच्या, म्हणजे गावाच्या वरच्या जिल्हा पातळीवरच्या, बैठकीसारख्या कंटाळवाण्या ठिकाणी दिवस काढणारा माणूस जाहिरातींच्या उत्पन्नावर परवडत नाही, हेही खरं.

पोलिसी बातम्यांना मात्र फार महत्त्व देऊ नका. कॉलिंगवुडला स्वतःचं पोलिस दल नाही, काम ओपीपीकडे (ओंटारियोच्या प्रांतिक पोलिसांकडे) आहे, आणि बातमी बहुतांशी त्यांच्या निवेदनावर चालते. आरोप लागल्याचं कळतं, खटल्याचं पुढे काय झालं ते क्वचित. निधनवार्तांचा विभाग चांगला आहे. गावात खरी वाचकसंख्या त्यालाच असते.

खरी अडचण वेळेची आहे. बातमी बैठकीनंतर येते, आणि ओंटारियोत ‘नंतर’ या शब्दाची किंमत आता फार वाढली आहे. पूर्वी झोनिंगचा, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल याचा, निर्णय पटला नाही तर शेजारी २० दिवसांत ओंटारियो लँड ट्रिब्युनल या न्यायाधिकरणाकडे अपील करू शकायचा. ६ जून २०२४ला प्रांताचं बिल १८५ मंजूर झालं आणि ती वाट बंद झाली. आता अपील अर्जदाराला, सरकारी संस्थांना, कायद्याने नेमून दिलेल्या मोजक्या कंपन्या-संस्थांना आणि ज्या जमिनीला तो निर्णय लागू आहे तिच्या मालकाला. सेटबॅक (हद्दीपासून सोडायची जागा) किंवा उंचीत किरकोळ सूट देणाऱ्या ‘मायनर व्हेरियन्स’ची अपिलं तर २०२२च्या बिल २३नेच शेजाऱ्यांकडून काढून घेतली. म्हणजे बोलायचं ते निर्णयाआधी. मंजुरीची बातमी दुसऱ्या दिवशी कितीही सुरेख लिहिलेली असली, तरी शेजाऱ्यासाठी तो पंचनामा.

म्हणून या साइटला पाचपैकी साडेतीन, आणि उरलेल्या दीड गुणांसाठी गावाच्या स्वतःच्या वेबसाइटवरचं अजेंडा पॅकेज, म्हणजे बैठकीतले विषय आणि त्यांची कागदपत्रं. तेही फुकट. ओंटारियोतली गावं सिव्हिकवेब, ई-स्क्राइब अशा प्रणाली वापरतात. ‘सबस्क्राइब’ केलं की बैठकीच्या काही दिवस आधी पीडीएफ मिळते. एंगेज कॉलिंगवुड या वेगळ्या पानावर मोठ्या प्रकल्पांच्या सर्वेक्षणांची नोंदणी होते, तीही करून ठेवा.

पॅकेज कधी शंभर पानांचं, कधी चारशे. पहिल्या पानापासून वाचायला बसलात तर तिसाव्या पानावर झोप लागेल. वाचायची रीत अशी. अजेंड्याची यादी उघडा आणि आधी ‘कन्सेंट अजेंडा’ शोधा. यातले सगळे विषय एकाच मतदानात, चर्चेविना पास होतात. नको असलेली गोष्ट तिथे लपवतातच असं नाही, पण सापडते तिथेच. कोणताही कौन्सिलर त्यातला विषय बाहेर काढून स्वतंत्र चर्चेला घेऊ शकतो. त्यासाठी आदल्या दिवशी त्याला दोन ओळींचा ईमेल पुरतो, विषय क्रमांकासह. विषय क्रमांक नसलेला, संतापाने भरलेला चार परिच्छेदांचा ईमेल कोणी वाचत नाही.

मग स्टाफ रिपोर्ट, म्हणजे त्या विषयावरचा गावच्या अधिकाऱ्यांचा अहवाल. त्यात शिफारस आणि आर्थिक परिणाम हे दोन भाग आधी वाचा, मग थेट परिशिष्टांवर जा. मधली पार्श्वभूमी शेवटी. वाहतुकीचा अभ्यास, सांडपाण्याची क्षमता, विरोधाची पत्रं असा खरा माल परिशिष्टांत असतो. आपण पाठवलेलं पत्रही नावासकट तिथे छापलं जाऊ शकतं, हे लक्षात ठेवून लिहावं.

ठरावाची भाषा एकदा कळली की अर्धं काम होतं. ‘रिसीव्ह फॉर इन्फर्मेशन’ म्हणजे वाचलं, ठरलं काही नाही. ‘डायरेक्ट स्टाफ टु रिपोर्ट बॅक’ म्हणजे पुढे ढकललं. ‘नोटीस ऑफ मोशन’ म्हणजे पुढच्या बैठकीत येणार, आपल्याकडे तेवढे दिवस आहेत. बऱ्याच गावांत विषय आधी समितीच्या बैठकीत येतो आणि नंतर कौन्सिलपुढे. समितीत मंजूर झाल्यावर मथळा ‘मंजुरी’ म्हणतो आणि लोक हात टेकतात. प्रत्यक्षात कौन्सिलचं मत बाकी असतं. प्रत्येक बैठकीच्या शेवटी त्या दिवसाचे निर्णय पक्के करणारा ‘कन्फर्मेटरी बायलॉ’ पास होतो, तोपर्यंत काहीच पक्कं नाही.

झोनिंग बदलाची नोटीस १२० मीटरच्या आतल्या मालकांना जाते, मायनर व्हेरियन्सची ६० मीटरच्या आत. पूर्वी ती वृत्तपत्रात छापूनही देता यायची, आता छापील पत्रच नाही अशा गावांना ती वेबसाइटवर टाकायची मुभा मिळाली आहे. १३० मीटरवर राहणाऱ्याला टपालही नाही आणि पेपरही नाही. त्याने प्लॉटवरची पाटी वाचावी किंवा नियोजन विभागाला लिहून ‘या फाइलची सूचना मला पाठवा’ अशी मागणी करावी. रस्त्याचं नाव आणि फाइल क्रमांक एवढं पुरतं.

करवाढीच्या बातमीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो, आणि तो साइटचा एकटीचा दोष नाही. बिलात तीन वाटे असतात : गावाचा, काउंटीचा, शिक्षणाचा. शिक्षणाचा दर राहत्या घरांना प्रांतभर ०.१५३ टक्के. समजा घराचं मूल्यांकन ४ लाख डॉलर आहे. शिक्षणाचे ६१२ झाले. गावाचे ३,००० आणि काउंटीचे १,२०० धरले तर बिल ४,८१२. गावाने ५ टक्के वाढवले तर १५० डॉलर, काउंटीने ३ टक्के तर ३६. एकूण वाढ १८६, म्हणजे ३.९ टक्क्यांच्या आसपास. एक मथळा ५ म्हणतो, गावाचं पत्रक ३.९ म्हणतं, दोन्ही खरे. त्यात ओंटारियोतली मूल्यांकनं अजून १ जानेवारी २०१६च्या किमतींवर आहेत. घर ९ लाखांना घेऊन बिलावर ४ लाख पाहिलं की चूक वाटते, ती चूक नाही.

पाण्याचा विषय कॉलिंगवुडमध्ये बाकी सगळ्यांवर भारी आहे. एप्रिल २०२१ मध्ये पाणी शुद्धीकरण केंद्राची क्षमता पुरणार नाही म्हणून कौन्सिलने नव्या बांधकामांवर तात्पुरती बंदी घातली. नव्या केंद्राच्या खर्चाचा अंदाज पुढे दुपटीहून वर गेला. या प्रकरणाच्या बातम्या साइटने सातत्याने दिल्या आहेत. अडचण एवढीच की तुकड्या-तुकड्यांत वाचताना आधीचा आकडा कोणता आणि तो का बदलला याचा धागा सुटतो. अशा विषयांचं एक कायमचं पान, तारखा आणि आकड्यांसकट, असायला हवं. त्यातून किती भांडणं वाचतील.

बंद दाराआडच्या बैठकांबाबतही वाचकाला थोडं शिकवायला हवं. म्युनिसिपल अ‍ॅक्टच्या २३९व्या कलमात कोणत्या विषयांसाठी दार लावता येतं त्याची यादी आहे : जमिनीचे व्यवहार, वकिलाचा सल्ला, कर्मचाऱ्याची वैयक्तिक बाब वगैरे. दार लावण्याआधी विषयाचं साधारण स्वरूप उघडपणे ठरावात सांगावं लागतं. शंका आली तर गावाने स्वतःचा तपासनीस नेमला आहे का ते क्लार्कला (गावचं दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला) विचारा. नेमला नसेल तर तक्रार ओंटारियोच्या ओम्बुड्समनकडे, म्हणजे प्रांताच्या लोकपालाकडे, फुकट. कागदपत्रं हवी असतील तर माहितीच्या अर्जाची फी ५ डॉलर आणि मुदत ३० दिवसांची. आपल्याकडच्या आरटीआयच्या १० रुपयांच्या अर्जाची सवय असलेल्यांना हे जड जाऊ नये. ‘सर्व पत्रव्यवहार’ असं मागितलंत तर शोधण्याच्या तासांचं बिल येईल. दोन तारखा आणि एक विषय लिहा.

कॉलिंगवुडकरांना या गुप्ततेची किंमत माहीत आहे. २०१२ मध्ये गावच्या वीज कंपनीचा निम्मा वाटा विकला गेला, आणि पोहण्याचा तलाव व आइस रिंक कापडी छताखाली घालायचं काम निविदा न मागवता दिलं गेलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये, एंटरप्राइज-बुलेटिन मिटल्यावर तीन महिन्यांत, कौन्सिलने न्यायालयीन चौकशी मागितली. न्यायमूर्ती फ्रँक मारोक्को यांचा अहवाल नोव्हेंबर २०२० मध्ये आला, ३०६ शिफारशींसह. गावात नवीन आलेल्याने निदान त्यातल्या हितसंबंधांवरच्या शिफारशी वाचाव्यात. आजचे बरेच नियम असे का आहेत ते त्यात दिसतं.

अभिप्रायाची पत्रं साइट छापते आणि ती गावात वाचली जातात. पण पत्रातून बाजू घेताना सत्ताधारी-विरोधक असा आपला चष्मा काढून ठेवावा लागतो. कौन्सिलमध्ये मेयर, डेप्युटी मेयर आणि ७ कौन्सिलर, एकूण ९ माणसं. वॉर्ड नाहीत, पक्ष नाहीत, व्हिप नाही. आज पाण्यावर एकत्र असलेले उद्या पार्किंगवर समोरासमोर येतात. मेयरला जादा बळ देणारे ‘स्ट्राँग मेयर’ अधिकार १ मे २०२५ पासून सहा किंवा त्याहून जास्त सदस्यांच्या कौन्सिलांना लागू झाल्याने बजेट आता मेयर मांडतो. १ फेब्रुवारीपर्यंत त्याने मांडायचं, मग कौन्सिलला दुरुस्त्यांसाठी ३० दिवस, मेयरला व्हेटोसाठी १०, आणि व्हेटो मोडायला कौन्सिलला १५ दिवस व दोन तृतीयांश मतं. कौन्सिलरला गाठायचं तर त्या ३० दिवसांत.

पुढची निवडणूक २६ ऑक्टोबर २०२६ला आहे. उमेदवारी अर्ज १ मे ते २१ ऑगस्ट, कौन्सिलरसाठी १०० डॉलर आणि मेयरसाठी २०० डॉलर अनामत. मत नागरिकालाच, पीआर कार्डवर नाही. मात्र कौन्सिलपुढे डेलिगेशन म्हणून बोलायला किंवा पत्र द्यायला नागरिकत्व लागत नाही. आणि टोरोंटोत राहून इथे वीकएंडचं घर असलेला नागरिक या गावातही मत देऊ शकतो. मतदार यादी आता इलेक्शन्स ओंटारियो ठेवते, तिथे नाव आणि गावातला पत्ता आहे का ते आधीच बघून घ्या.