नोटरीचा शिक्का आणि ‘घर खाली करून देतो’वाले

माझी मावशी निवृत्त शिक्षिका, एकटीच राहते. कोथरूडच्या वन बीएचकेचं भाडं हा तिचा मोठा आधार. एजंटनं भाडेकरू आणला, ‘ॲग्रीमेंट, रजिस्ट्रेशन सगळं आम्ही बघतो’ म्हणत ४,५०० रुपये घेतले आणि ५०० च्या स्टॅम्पपेपरवरचा करार घरपोच दिला. त्यावरचा लाल शिक्का नोटरीचा होता. नोंदणी झालीच नव्हती.

हे कळलं ते भाडं थांबल्यावर. करार संपला तरी भाडेकरू हलेना. उलट म्हणाला, ‘मी लायसन्सवर, म्हणजे मुदतीपुरत्या परवानगीवर, राहत नाही, पक्का भाडेकरू आहे. कोर्टात जा.’ त्याला कायदा आमच्याआधी कुणीतरी शिकवला होता. कुणी, याचा अंदाज आहे, पुरावा नाही.

‘अकरा महिन्यांचा करार, नोंदणी कशाला?’ हे वाक्य एजंट सर्रास ऐकवतात. महाराष्ट्रात ते चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. ते खोटं ठरवायचं काम आपलं.

नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स (मुदतीपुरत्या राहण्याच्या परवानगीचा) करार असता तर वाट सरळ होती. याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्यानं प्रतिज्ञापत्रासह बचावाची परवानगी मागितली नाही, तर ताब्याचा आदेश. शिवाय मुदत संपल्यानंतरच्या काळाची भाड्याच्या दुप्पट दरानं नुकसानभरपाई. वेळ तिथंही लागतो, पण दावा लढवत बसण्यापेक्षा कमी.

त्यात एजंटनंतर दुसरा ठग भेटला. सोसायटीतल्याच कुणीतरी नंबर दिला. ‘पंधरा दिवसांत खाली करून देतो, कोर्टाची भानगड नको.’ मावशी रडकुंडीला आलेली. २५,००० आगाऊ दिले. त्यानं भाडेकरूच्या दारावर ‘ताबा नोटीस’ चिकटवली, वर राजमुद्रा, खाली ‘वसुली अधिकारी’ अशी सही. कोर्टाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. मग म्हणे, पाणी तोडा, तो गावाला गेला की कुलूप बदला.

वकीलबाईंनी हे ऐकून कपाळावर हात मारला. भाडे कायद्याच्या कलम २९ प्रमाणे पाणी-वीज तोडता येत नाही. आणि कुलूप बदललं असतं तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट), १९६३ च्या कलम ६ खाली भाडेकरूनं सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मिळवला असता. तिथं ‘घर माझं आहे’ हा बचावही चालत नाही. पंचवीस हजारांची पावती नाहीच. त्या गृहस्थांना भाषा मात्र वकिलाला लाजवेल अशी येते.

नोंदणीच्या वेळी मालक, भाडेकरू आणि साक्षीदार यांचे फोटो आणि यंत्रावर अंगठे घेतात. मावशीचा अंगठा कुणी घेतलाच नव्हता. खऱ्या करारावर दुय्यम निबंधकांचा दस्त क्रमांक असतो, सोबत शुल्क भरल्याचं चलन. सूची-२ (इंडेक्स टू), म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. मावशीच्या भाड्याच्या हिशोबानं मुद्रांक शुल्क सातशेच्या आसपास आणि नोंदणी फी १,००० होती.

आता लघुवाद न्यायालयात दावा लावलाय, एजंट आणि त्या ताबा-नोटीसवाल्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिलीय. एजंटचा फोन बंद आहे. भाडेकरू अजून तिथंच आहे, कोर्टात थोडंफार भाडं भरतो आणि जिन्यात भेटला की मावशीला नमस्कारही करतो.